बी जुनं झालंय, पण मेलंय का?

यावेळी बागेच्या प्रश्नांची जी पत्रं आली त्यातली निम्मी तरी बियांबद्दलची आहेत, जुनी पाकिटं सापडली, ठेवलेलं बी उगवलंच नाही, फ्रीजमधलं खराब झालं, असंच सगळं, म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त बियाच घेतल्यात. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न: वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात पत्र्याचा एक डबा सापडला. आत भाज्यांच्या बियांच्या तीसेक पुड्या आहेत, काही विकतच्या पाकिटात, काही कागदात बांधून वर त्यांच्या अक्षरात भाजीचं नाव आणि साल लिहिलेलं. सगळ्यात जुनी पुडी ९ वर्षांपूर्वीची, सगळ्यात नवी २ वर्षांपूर्वीची. टाकवत नाही, आणि लावून सगळं फुकट जाईल अशीही भीती वाटते. काय करू?

उत्तर: ताई, डबा अजिबात टाकू नका. वडिलांनी प्रत्येक पुडीवर साल लिहिलंय म्हणजे अर्धं काम त्यांनीच करून ठेवलंय, बहुतेक घरात नेमकं तेच नसतं, पुडी असते पण कुठल्या वर्षाची ते कुणालाच आठवत नाही.

पुड्या सालाप्रमाणे नका लावू, आधी भाजीप्रमाणे लावा, कारण प्रत्येक भाजीच्या बियांचं आयुष्य वेगळं असतं. साधारण कोरड्या, गार जागी ठेवलं असेल तर कांद्याचं बी १ ते २ वर्षं टिकतं, त्याच्या पुढे त्याच्यावर भरवसा नाही. मका, मिरची, भेंडी, पालक हे २ ते ३ वर्षांचे. गाजर, वाटाणा, घेवडा ३ वर्षं धरा. टोमॅटो, वांगं, बीट, भोपळा ४ वर्षं आरामात जातात, आणि कोबी, मुळा, काकडी, खरबूज ही मंडळी ४-५ वर्षं काढतात. म्हणजे तुमच्या डब्यात ५ वर्षांपूर्वीची काकडी आणि २ वर्षांपूर्वीचा कांदा असेल तर मला काकडीकडून जास्त आशा आहे.

पण हे आकडे म्हणजे नुसता अंदाज, औषधाच्या बाटलीवरची एक्स्पायरी डेट नाही. बी किती जुनं याच्यापेक्षा ते कसं ठेवलं होतं याला जास्त महत्त्व आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेम्स हॅरिंग्टन या बीजतज्ज्ञाने याचा एक सोपा ठोकताळा देऊन ठेवलाय जो आजही सगळे वापरतात: बियांमधली ओल १ टक्क्याने कमी केली की त्यांचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान साधारण ५ अंश सेल्सियसने कमी केलं की पुन्हा दुप्पट. (हे कायम चालत नाही, ओल ५ टक्क्यांच्या खाली नेऊन फारसा फायदा होत नाही.) आता हिशोब करून बघा, एकच बी एकाने १२ टक्के ओल असताना डब्यात भरलं आणि दुसऱ्याने नीट वाळवून ९ टक्क्यांवर आणून भरलं, तर दुसऱ्याचं बी आठपट टिकणार. आठपट! फरक फक्त चार दिवस जास्त वाळवण्याचा.

म्हणून मला तुमच्याकडून हे कळायला हवं होतं की ते कपाट होतं कुठे. दुपारचं ऊन लागणाऱ्या भिंतीला किंवा स्वयंपाकघरात शेगडीच्या वर असेल तर ४ वर्षांचं टोमॅटोचं बीसुद्धा कदाचित गेलेलं असेल, आणि आतल्या गार खोलीत असेल तर ७ वर्षांचंही हसत उगवेल. डबा उघडल्यावर कुबट वास आला होता का ते आठवा. कागदाच्या पुड्या हाताला मऊ, दमट लागतात की कडक, करकरीत, तेही बघा. बियांवर पांढरट-हिरवट बुरस असेल किंवा बिया एकमेकींना चिकटल्या असतील तर ती पुडी वेगळी काढा.

मग प्रत्येक पुडीतल्या थोड्या बिया उगवून बघा, पद्धत पुढच्या उत्तरात सविस्तर देतेय. आणि एक विनंती, कागदात बांधलेल्या ज्या पुड्या आहेत ना, वडिलांनी स्वतः धरलेलं बी, त्या आधी घ्या. विकतचं पाकीट पुन्हा मिळेल, त्यांनी वर्षानुवर्षं निवडून ठेवलेला वाण दुसरीकडे कुठे नसू शकतो. त्यातल्या २० पैकी ३ जरी उगवल्या तरी ती ३ रोपं जपा, वाढवा, आणि त्यांचं ताजं बी धरा.

प्रश्न: घरच्या घरी उगवण तपासायची कशी? मी दहा बिया ओल्या कापसात ठेवल्या होत्या, पाच कुजल्या, तीन उगवल्या, दोन तशाच राहिल्या. यावरून काय समजायचं?

उत्तर: तुम्ही बरोबर सुरुवात केलीत, फक्त कापूस नको. कापसात पाणी फार राहतं, बियांना हवा मिळत नाही आणि चांगलं बीसुद्धा गुदमरून कुजतं, शिवाय मुळं कापसात गुंततात आणि सोडवताना तुटतात.

जाडसर टिश्यू पेपर घ्या, दोन-तीन थर. भिजवा आणि मग दाबून पिळून काढा, इतका की वर धरल्यावर एक थेंब पडता कामा नये, पण गालाला लावला तर गार लागला पाहिजे. त्यावर बिया एकमेकींना न चिकटतील अशा मांडा, कागद सैलसर गुंडाळा, झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून घाला आणि पिशवीवर भाजी, बियांचं साल आणि आजची तारीख मार्करने लिहा, कारण चार पिशव्या झाल्या की कुठली कुठली हे कळत नाही. मिरची, वांगं, टोमॅटो, भेंडी, काकडी यांना ऊब लागते, २५ ते ३० अंश. कांदा, गाजर, पालक, लेट्यूस यांना २० अंशाच्या आसपास बरं, लेट्यूसचं बी तर फार उष्णतेत ठेवलं की झोपूनच राहतं आणि आपण त्याला मेलेलं समजून टाकून देतो. लेट्यूसला थोडा उजेडही द्या.

किती दिवस वाट बघायची? इथे सगळे घाई करतात. बियाणं तपासणाऱ्या लॅबसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात मुळ्याचा शेवटचा हिशोब १०व्या दिवशी होतो, कांद्याचा १२व्या, टोमॅटो आणि मिरचीचा १४व्या आणि भेंडीचा तर २१व्या दिवशी. तेव्हा मिरचीची पिशवी सहाव्या दिवशी उघडून "काही नाही उगवलं" म्हणून टाकणं म्हणजे परीक्षेचा पेपर अर्ध्यात हिसकावून घेणं आहे.

तिसऱ्या दिवसापासून रोज कागद उलगडून बघा, त्याने हवाही खेळते. एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण यात खूप जण फसतात. मुळ्याचं किंवा कोबीचं बी फुटलं की कोवळ्या मुळाभोवती पांढरी, मऊ लव दिसते, अगदी बुरशीसारखी, आणि लोक घाबरून चांगला मोड फेकून देतात. ती बुरशी नाही, ती मुळाची केसांसारखी तंतुमुळं आहेत, पाणी शोषणारी. ओळखायचं कसं, तर ती फक्त मुळाभोवतीच असतात, चारी बाजूंनी सारखी, आणि पाण्याचा बारीक फवारा मारला की मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी मात्र बियांच्या सालीवर चढते, कागदावर पसरते, एका बीकडून दुसऱ्या बीकडे जाते आणि पुढे राखाडी किंवा हिरवट होते.

आता तुमच्या दहा बियांचा अर्थ. कुजलेल्या पाच मेलेल्या, यात शंका नाही, बोटाने दाबल्यावर आतून पांढरट पाणी किंवा चिखल आला तर ते बी संपलेलं असतं. (तुमच्या बाबतीत कापसाचाही थोडा हात असेल.) तशाच राहिलेल्या दोन जरा नीट बघा, त्या फुगल्यात का? जर पहिल्या दिवशी होत्या तितक्याच लहान आणि कडक असतील तर त्यांच्यात पाणी शिरलेलंच नाही, त्यांची साल कडक आहे, त्या जिवंत असू शकतात. भेंडी, गवार, घेवड्याच्या जातीत हे नेहमी होतं, कारल्याची सालही जाड असते. सालीवर एका बाजूला बारीक पॉलिश पेपरने हलकंसं घासा, अंकुर जिथून निघतो ती बाजू सोडून, आणि पुन्हा ओल्या कागदात ठेवा. बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत फुगतात.

आणि उगवलेल्या तीनही नीट बघा, मोड आला म्हणजे झालं असं नाही. मूळ सरळ, पांढरं, लांब वाढतंय ना? टोक तपकिरी पडलेलं, मूळ आखूडच राहिलेलं, किंवा पानं सालीच्या बाहेर निघतच नाहीत असं असेल तर लॅबवाले त्याला उगवलेलं मोजत नाहीत, तुम्हीही मोजू नका. ते मातीतून वर येणार नाही. बीट लावत असाल तर अजून एक, बीटची एक खडबडीत गोळी म्हणजे दोन-चार बियांचा गुच्छ असतो, एका गोळीतून तीन मोड आले तरी मोजायचं एकच. धण्याचंही तसंच, एका गोल दाण्यात दोन बिया असतात.

दहा बिया मात्र फार कमी आहेत. लॅबमध्ये १००-१०० च्या चार वाट्यांत मिळून ४०० बिया लावतात, आपल्याला तेवढं नको, पण जमलं तर २५ तरी घ्या. दहापैकी ६ उगवल्या म्हणून ६० टक्के असं छातीठोक सांगता येत नाही, खरा आकडा ३० टक्क्यांच्या जवळपास किंवा ८५ च्या आसपासही असू शकतो, इतका फरक नुसत्या योगायोगाने पडतो. बिया मोजक्याच असतील तर दहाच घ्या, पण मग तो आकडा सैल हाताने धरा. आणि हो, तपासायला लावलेल्या बिया वाया जात नाहीत, मोड आलेल्या अलगद उचलून कुंडीत लावा.

प्रश्न: बिया पाण्यात टाकायच्या, बुडतील त्या चांगल्या आणि तरंगतील त्या खराब, असं सगळीकडे वाचते. एवढी सोपी पद्धत असताना १४ दिवस कशाला थांबायचं?

उत्तर: कारण ती पद्धत तुमच्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही. तरंगणं-बुडणं यावरून फक्त बी भरलेलं आहे की पोकळ एवढंच कळतं. ताजं बी घरी धरताना पोचट बिया वेगळ्या काढायला ती पद्धत चांगली आहे, टोमॅटो-काकडीचं बी धुताना तर पोचट आपोआप वर येतात. पण जुनं बी मेलं तरी त्याचं वजन तेवढंच राहतं, ते दगडासारखं बुडतं. उलट गाजर, बडीशेप, लेट्यूस असल्या हलक्या बिया जिवंत असूनही तरंगत राहतात, आणि सालीला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी बी वर राहतं. शिवाय एकदा भिजवलेलं बी पुन्हा डब्यात ठेवता येत नाही, ते लगेच लावावं लागतं नाहीतर नीट वाळवावं लागतं.

लॅबमध्ये घाईचं उत्तर हवं असेल तर टेट्राझोलियम नावाच्या रसायनात बी उभं चिरून ठेवतात, जिवंत भाग लाल होतो आणि मेलेला पांढराच राहतो, काही तासांत निकाल कळतो. पण ते वाचायला सराव लागतो, घरासाठी ओला कागदच बरा.

प्रश्न: बिया काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, घट्ट झाकण लावून. वर्षभराने उघडल्या तर बुरशी. फ्रीजमध्ये ठेवायला सगळे सांगतात, मग माझं काय चुकलं?

उत्तर: फ्रीज चुकला नाही, बहुतेक दोनपैकी एक गोष्ट झाली असेल. एक तर बिया बरणीत गेल्या तेव्हाच पूर्ण वाळलेल्या नव्हत्या. घट्ट झाकण बाहेरची ओल आत येऊ देत नाही हे खरं, पण आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. अर्धवट वाळलेलं बी बरणीत बंद करण्यापेक्षा कागदाच्या पाकिटात ठेवलेलं परवडतं.

दुसरी शक्यता, मधे मधे बरणी काढून उघडत होतात का? हे माझ्या स्वतःच्या हातून झालंय म्हणून सांगते. उकाड्याच्या दिवशी दुपारी फ्रीजमधून बरणी काढली, लगेच झाकण उघडलं, दोन मिनिटं हवी ती पुडी शोधत बसले, आणि बघते तर बरणीच्या आतल्या बाजूला दव धरलेलं, कागदाची पाकिटं मऊ पडलेली आणि मिरचीच्या मोकळ्या बिया काचेला चिकटलेल्या. गार काचेवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी होणारच. ते पुसून, झाकण लावून मी बरणी परत आत ठेवली, आणि तिथेच सगळं बिघडलं, पुढच्या हंगामात त्या मिरचीतलं जवळजवळ काहीच उगवलं नाही. तेव्हापासून माझा नियम एकच आहे, बरणी बाहेर काढायची आणि न उघडता रात्रभर तशीच ठेवायची, ती खोलीच्या तापमानाला आली की मग उघडायची, हवं ते घेऊन लगेच बंद करायची. आणि एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.

आता वाळवण्याबद्दल. बी सावलीत, पातळ पसरून, वारा लागेल असं वाळवायचं. कडक उन्हात, पत्र्यावर किंवा गच्चीच्या तापलेल्या फरशीवर नाही, ३५-४० अंशांच्या पुढे ओलसर बी गरम झालं की आतला जीव भाजतो आणि वरून काहीच दिसत नाही. प्लास्टिकवर किंवा पेपरवर पसरलं तर बी चिकटतं, बशी किंवा बारीक जाळी चांगली. वाळलं हे ओळखायचं असं: काकडी, भोपळ्याची चपटी बी वाकवली की लवत नाही, टचकन मोडते. घेवड्याच्या दाण्यावर नखाची खूण उठत नाही, आणि हातोडीने मारला तर चेपत नाही, फुटून तुकडे होतात.

पण नुसत्या हवेत बी हवेइतकंच वाळतं, दमट दिवसांत कितीही पसरून ठेवा, पुढे जाणार नाही. हॅरिंग्टनचाच अजून एक ठोकताळा आहे की साठवणीच्या जागेचं फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० च्या खाली पाहिजे. २५ अंश सेल्सियस म्हणजे ७७ फॅरनहाइट, म्हणजे आर्द्रता २३ टक्क्यांच्या आत हवी, आणि एवढी कोरडी हवा राहत्या खोलीत क्वचितच मिळते. म्हणून सिलिका जेल, म्हणजे ओल ओढून घेणारे मणी. बियांच्या वजनाइतकंच सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घालून बियांच्या पाकिटांसोबत बंद बरणीत साधारण आठवडाभर ठेवा, मग ते काढून बिया दुसऱ्या कोरड्या बरणीत भरा आणि सोबत जेलची एक लहानशी पुडी राहू द्या. रंग बदलणारं जेल घेतलं तर नारिंगीचं हिरवं झालं की ते पाण्याने भरलं असं समजायचं. निळं-गुलाबी होणारंही मिळतं पण त्यात कोबाल्टचं संयुग असतं, घरात लहान मुलं असतील तर मी नारिंगीच घेईन. भरलेलं जेल १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवलं की पुन्हा कामाला येतं. बुटांच्या खोक्यात किंवा बॅगेत मिळणाऱ्या छोट्या पुड्या वापरायच्या असतील तर आधी तशाच तापवून घ्या असं मी म्हणणार नाही, वरचं पाकीट वितळू शकतं, आतले मणी काढून तापवा, कारण त्या आपल्या हातात येईपर्यंत बहुतेक वेळा भरलेल्याच असतात. जेल नसेल तर तांदूळ ओव्हनमध्ये चांगले कोरडे करून, बंद बरणीत गार करून तसेच वापरता येतात, फक्त ते जेलपेक्षा कमी ओल ओढतात तेव्हा जास्त घ्या.

इतकं वाळलेलं बी मग फ्रीजमध्येच काय, डीप फ्रीजरमध्येही ठेवता येतं. जगभरच्या बीजपेढ्या बियांची ओल ३ ते ७ टक्क्यांवर आणून उणे १८ अंशांवर ठेवतात. ओलं बी मात्र फ्रीजरमध्ये टाकलं तर आत बर्फाचे स्फटिक होतात, पेशी फाटतात, खेळ खलास.

प्रश्न: घेवड्याचं बी छान वाळवून डब्यात ठेवलं होतं, दोन महिन्यांनी बघितलं तर दाण्यांना गोल भोकं आणि डब्यात भुंगे. डबा बंद असताना ते शिरले कुठून?

उत्तर: ते शिरले नाहीत, ते आधीपासून आत होते. हे भुंगे शेंग झाडावर असतानाच तिच्यावर अंडी घालतात, अळी दाण्यात शिरते आणि आत खात राहते, बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. भोक दिसतं ते किडा बाहेर पडल्यावर. म्हणून चवळी, घेवडा, वाटाणा, तूर असल्या सगळ्या शेंगवर्गीय बिया नीट वाळवून झाल्या की बंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवायच्या, अंडी-अळ्या सगळं मरतं. आधी वाळवणं, मग गोठवणं, हा क्रम उलटा करू नका. भोकं पडलेल्या दाण्यांतला अंकुर शाबूत असेल तर काही उगवतातही, पण आतलं अन्न खाल्लेलं असल्यामुळे रोपं मरतुकडी येतात. दुसरं बी असेल तर ती ठेवू नका.

प्रश्न: मागच्या वर्षीचं कांद्याचं बी, आणि कढीपत्त्याच्या झाडाखालच्या वाळवून ठेवलेल्या बिया, दोन्ही उगवलं नाही.

उत्तर: दोघांची कारणं वेगळी. कांदा मुळातच अल्पायुषी, एक उकाड्याचा, दमट हंगाम उघड्या पाकिटात काढला की संपला, दरवर्षी ताजं घ्या किंवा वरच्या उत्तरासारखं वाळवून गार ठेवा. कढीपत्त्याचं उलटं आहे, त्याला वाळवल्यामुळेच तो मेला. फणस, आंबा, कढीपत्ता यांच्या बिया वाळणं सहन करत नाहीत, त्या साठवायच्या नसतातच, पिकलेल्या फळाचा गर काढून, धुऊन, लगेच मातीत.

प्रश्न: माझ्या वांग्याच्या बियांची उगवण ४० टक्के आली. लावू की टाकू? मैत्रीण म्हणते अडीचपट बी टाक, झालं.

उत्तर: मैत्रिणीचा हिशोब बरोबर आहे पण पुरेसा नाही. ४० रोपं हवीत तर १०० बिया, इथपर्यंत ठीक. पण बी एका दिवसात मरत नाही, आधी त्याचा जोर जातो आणि मग उगवण जाते. ओल्या कागदात, ऊबदार पिशवीत जे ४० टक्के आले ते मातीत, वरचा थर घट्ट झालेला, रात्री गारवा, अशा ठिकाणी २० च येतील. ज्यांना कागदावर मोड यायला नेहमीपेक्षा दुप्पट दिवस लागले त्यांच्याकडून तर अजिबात अपेक्षा ठेवू नका. तेव्हा असं बी थेट वाफ्यात फेकू नका. ट्रेमध्ये, भुसभुशीत हलक्या मिश्रणात, उथळ पेरा, ऊबेत ठेवा, पाणी बेताचं. किंवा कागदावरच मोड आणून एकेक मोड लावा, वांगं-मिरचीसाठी मला हेच आवडतं, बी वाया जात नाही. जुन्या घेवडा-वाटाण्याला मात्र रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका, फार कोरडं झालेलं बी एकदम पाणी पिऊन आतून फाटतं, आधी एक-दोन दिवस ओलसर कागदाच्या शेजारी बंद डब्यात ठेवा, हवेतली ओल घेऊ दे.

नुसती भाजी हवी असेल आणि तोच वाण ताजा मिळत असेल तर ४० टक्क्यांसाठी जीव आटवू नका, नवीन घ्या. वाण घरचा असेल तर मात्र याच हंगामात लावा, थांबू नका. बीजपेढ्यांमध्ये उगवण सुरुवातीच्या ८५ टक्क्यांच्या खाली आली की तो वाण पुन्हा लावून ताजं बी धरतात, इतक्या लवकर, कारण बिया मरतात तेव्हा त्यातले काही गुण कायमचे जातात, उरलेल्या बिया म्हणजे तोच वाण पूर्णपणे राहिला असं नसतं. आणि बी धरायचं तर पाकिटावर 'एफ-१' किंवा संकरित लिहिलंय का ते बघा, तसं असेल तर त्याच्या पोटी आईबापासारखी रोपं येणार नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे. त्याने वाचलं की २००० वर्षांपूर्वीचं बी उगवलं. हे खरं आहे का? आणि मग आमचं ३ वर्षांचं गाजर का उगवत नाही, असं विचारतोय.

उत्तर: खरं आहे, आणि त्याचा प्रश्न फार आवडला. इस्रायलमध्ये मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेल्या खजुराच्या बिया २००५ मध्ये लावल्या, त्यातली एक उगवली आणि झाड झालं, साधारण २००० वर्षं जुनी बी. चीनमध्ये आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेली सुमारे १३०० वर्षांपूर्वीची कमळाची बीही उगवलीय. त्याला हे दाखवा की दोन्ही ठिकाणी ओल बीपर्यंत पोचली नव्हती, मसादाला हवाच रखरखीत कोरडी, आणि कमळाच्या बीची साल इतकी कठीण की पाणी आत शिरत नाही. गाजराची साल पातळ, बी चिमूटभर हलकी, आत साठा थोडा, आणि तिने तीन दमट हंगाम आपल्या घरात काढलेत.

त्याला अजून एक गोष्ट सांगा. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने २० बाटल्यांत वाळूसोबत बिया भरून जमिनीत पुरल्या, प्रत्येक बाटलीत २१ प्रकारच्या, प्रत्येकीच्या ५० बिया, बहुतेक तणांच्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढून लावतात. २०२१ मध्ये एक काढली, १४१ वर्षांनी, तेव्हाही काही बिया उगवल्या. पुढची २०४० मध्ये निघेल आणि शेवटची २१०० मध्ये. मुलाला सांगा की २०४० ची तर तो नक्की बघू शकेल.

आणि घरीच असा प्रयोग करायचा असेल तर या वर्षीचं ताजं गाजराचं बी घ्या, तीन सारखे भाग करा, एक कागदाच्या पाकिटात स्वयंपाकघरात, एक बंद बरणीत जेलसोबत कपाटात, एक तशाच बरणीत फ्रीजमध्ये. आज २५ बिया लावून उगवण मोजा, आणि मग दर सहा महिन्यांनी प्रत्येक भागातल्या २५ बिया. वहीत तारीख, किती लावल्या, किती उगवल्या आणि पहिला मोड कितव्या दिवशी आला हे लिहायला सांगा, तो शेवटचा रकाना विसरू देऊ नका, बी थकायला लागलं की आधी तिथेच कळतं. दोन वर्षं झाली की वहीचे आकडे आम्हाला पाठवा, या सदरात छापू.